समज गेल्यावर सही कोणाची? कुलमुखत्यारपत्र आणि इतर वाटा

"आईने माझ्या नावाने कुलमुखत्यारपत्र करून ठेवलंय, आता काळजी नाही," असं सांगणारे पुष्कळ भेटतात. कुलमुखत्यारपत्र म्हणजे पॉवर ऑफ अटर्नी, आपल्या वतीने सही-व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद. खरी काळजी तिथेच आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे, मुखत्यारी देणारी व्यक्ती वारली किंवा तिची समज गेली की मुखत्यारी संपते. गुडघ्यांमुळे आईला बँकेत जाता येत नाही, पण डोकं शाबूत आहे, तोवर हा कागद उत्तम. स्मृतिभ्रंशाने व्यवहारच कळेनासे झाले की तो उपयोगाचा नाही, मग नोंदणी केलेली असो वा नसो. इंग्लंड-अमेरिकेत समज गेल्यावरही टिकणारी मुखत्यारी करता येते. तिकडे राहणारा मुलगा तोच नमुना इथे पाठवतो आणि फसगत होते. आपल्याकडे तशी कायदेशीर सोय नाही.

रोजच्या खर्चापुरतं संयुक्त खातं त्याहून सरस. दुसरा खातेदार स्वतःच्या हक्काने सही करतो, आईचा मुखत्यार म्हणून नाही. मात्र खात्यावर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकतो) आहे की 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर', हे बघाच. दुसऱ्या प्रकारात पहिला खातेदार हयात असेपर्यंत दुसऱ्याला पैसे काढता येत नाहीत. पहिला कोमात असला तरीही. नॉमिनी आणि मृत्युपत्र तर मृत्यूनंतरचेच, इथे दोन्ही गैरलागू.

घर, गुंतवणूक मोठी असेल किंवा पदरी दिव्यांग मूल असेल तर खासगी न्यास, म्हणजे ट्रस्ट. मालमत्ता विश्वस्तांच्या हाती जाते, त्यामुळे करणाऱ्याची समज गेली तरी कारभार अडत नाही. पण स्थावर मालमत्तेसाठी नोंदणी आणि मुद्रांक शुल्क आलं, शिवाय विश्वासू विश्वस्त हवा. दोन खोल्यांच्या फ्लॅटसाठी एवढा खटाटोप मला तरी जड वाटतो.

काहीच केलं नाही तर उरतं कोर्ट. कोमातल्या रुग्णासाठी पालक नेमण्याचा वेगळा कायदा नसल्यामुळे घरचे लोक संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जातात. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. हा मार्ग भक्कम आहे, पण वैद्यकीय अहवाल, वारसांची माहिती, वकिलाची फी, हे सगळं हॉस्पिटलच्या फेऱ्या चालू असताना करायचं.

उपचारांचा प्रश्न निराळा. व्हेंटिलेटर हवा की नको, हे 'लिव्हिंग विल'मध्ये लिहिता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली त्याला मान्यता दिली, तेव्हा दंडाधिकाऱ्यांची सही लागायची. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. पैशाच्या व्यवहाराशी त्याचा संबंध नाही.

साठी ओलांडलेल्या नवरा-बायकोला मी तरी 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' प्रकारचं संयुक्त खातं आणि लिव्हिंग विल सुचवेन. कुलमुखत्यारपत्रही असू द्यावं, पण पाय थकतील तेव्हासाठी. बँकेत खात्यावरची सूचना मात्र या आठवड्यातच तपासा. ती बदलायची तर दोघांच्याही सह्या लागतील.