मुलींच्या खो-खो संघासाठी ऑनलाइन वर्गणी: एका संकेतस्थळाच्या सेवेचे परीक्षण

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या एका वस्तीतील 15 मुलींच्या खो-खो संघासाठी आमच्या लहानशा नोंदणीकृत न्यासाने गेल्या उन्हाळ्यात एका ऑनलाइन निधी-संकलन संकेतस्थळाची सेवा घेतली. न्यासाची कोषाध्यक्ष या नात्याने हिशेब माझ्याकडे होता, आणि तो पूर्ण झाल्यावरच हे परीक्षण लिहावे असे ठरवले होते. संकेतस्थळाचे नाव मुद्दाम देत नाही. निवड करण्यापूर्वी मी अशा चार सेवांच्या अटी वाचल्या होत्या. त्यांची घडण जवळजवळ सारखीच असल्याने येथे लिहिलेले बरेचसे इतरांनाही लागू पडेल.

आधी गरज काय होती ते सांगणे भाग आहे. खो-खो हा बिनखर्चाचा खेळ मानला जातो आणि ते काही अंशी खरेही आहे, कारण 1914 च्या सुमारास आपल्याच डेक्कन जिमखान्यावर नियम तयार झालेल्या या खेळाचा दोन खांब, चुन्याची फक्की आणि मोकळी जमीन एवढ्यावर शाळेच्या मैदानातला सराव आजही चालतो. खर्च वाढतो तो स्पर्धेला जायचे म्हटले की. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात, त्यासाठी बूट लागतात. खांबावर सूर मारायचा तर गुडघ्याला नी-कॅप लागते. बूट, गणवेश आणि नी-कॅप मिळून 27,000 रुपये, स्पर्धांचे प्रवेशशुल्क व प्रवास 12,000 रुपये, सरावानंतरची अंडी, केळी व चिक्की दरमहा 7,200 रुपये, आणि लांब राहणाऱ्या सहा मुलींना घरी सोडणाऱ्या दोन रिक्षांचे दरमहा 2,880 रुपये, असा सहा महिन्यांचा हिशेब 99,480 रुपयांवर गेला. आम्ही उद्दिष्ट 1 लाखाचे ठेवले.

या यादीत सर्वांत महत्त्वाची बाब कोणती असे विचारले, तर आमच्या प्रशिक्षक ताई क्षणाचाही विचार न करता रिक्षा असे उत्तर देतात. सहावी-सातवीपर्यंत मुली आपण होऊन मैदानावर येतात. आठवीत गेल्या की घरून एकच प्रश्न येतो: अंधार पडल्यावर ती परत कशी येणार? नोव्हेंबरात पुण्यात सहालाच सूर्य मावळतो आणि सराव सातपर्यंत चालतो. त्या एका तासापायी आधीच्या वर्षी आमच्या चार चांगल्या खेळाडू घरी बसल्या, आणि त्यांपैकी एकीचेही कारण बूट नसणे हे नव्हते.

आता सेवेविषयी. नोंदणी सोपी आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. न्यासाचे नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारे 80जी चे प्रमाणपत्र आणि बँक खात्याचा तपशील दिल्यावर दोन दिवसांत पान सुरू झाले. चाळीस दिवसांत 97 जणांनी मिळून 84,600 रुपये दिले. आमच्या न्यासाच्या इतिहासात एवढ्या थोड्या दिवसांत एवढी रक्कम कधी जमली नव्हती, आणि पावतीपुस्तक घेऊन सोसायट्यांचे जिने चढावे लागले नाहीत हेही माझ्या वयाला मोठेच सुख. मात्र 97 पैकी पूर्णपणे अनोळखी देणगीदार केवळ 22 होते. बाकीचे नातेवाईक, जुने सहकारी आणि त्यांचे परिचित. संकेतस्थळावर लाखो लोक येतात असे जाहिरातीत सांगितले जाते; ते येत असतीलही, पण आमच्या पानापर्यंत ते आम्हीच पाठवलेल्या दुव्यावरून आले. पहिल्या आठवड्यात देणग्यांना वेग आला तो पानावर विश्वचषकाचा उल्लेख केल्यामुळे. 19 जानेवारी 2025 रोजी दिल्लीत प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने नेपाळला 78-40 असे हरवून खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला होता आणि तो सामना अनेकांच्या लक्षात होता.

शुल्काच्या बाबतीत माझी तक्रार आहे. देयक प्रक्रियेसाठी 3 टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी अशी कपात होऊन आमच्या हाती 81,605 रुपये आले. क्रेडिट कार्डासाठी असे शुल्क समजू शकते. परंतु यूपीआयवरील व्यापारी शुल्क, म्हणजे एमडीआर, 1 जानेवारी 2020 पासून शून्य असताना यूपीआयने आलेल्या देणगीवरही तेवढीच कपात का, या प्रश्नाचे उत्तर मला तीन वेळा विचारूनही मिळाले नाही.

त्याहून खटकणारी गोष्ट ‘टिप’ची. देणगीदार रक्कम भरतो तेव्हा संकेतस्थळाच्या चालनासाठी 14 टक्के जादा रक्कम आधीच निवडलेली असते आणि ती शून्यावर आणण्यासाठी बारीक अक्षरातल्या पर्यायापर्यंत जावे लागते. मराठी पानावर या रकमेपुढे ‘टीप’ असा शब्द होता. मराठी वाचणारा माणूस टीप म्हणजे तळटीप समजतो आणि वाचली तरी पुढे जातो. माझ्या भावजयीने 1,000 रुपये दिले अशा समजुतीत 1,140 रुपये दिले आणि बँकेचा संदेश आल्यावर मला दूरध्वनी करून वरचे 140 रुपये कोणत्या मुलीला मिळाले अशी चौकशी केली. ते संकेतस्थळाला मिळाले होते. अशा रकमांचा एकूण आकडा मोहीम चालवणाऱ्याला दाखवला जात नाही.

80जी ची व्यवस्था ठीक होती. देणगीदारांची यादी नीट मिळाल्यामुळे विवरण भरून देणगीदारांना वजावटीसाठी लागणारी 10बीई प्रमाणपत्रे देणे सोपे गेले, अर्थात नव्या करप्रणालीत ही वजावटच नसल्याने पुष्कळांनी ती मागितलीही नाहीत. परदेशातून येणाऱ्या पैशांबाबत मात्र सावध राहावे. नेदरलँड्समध्ये नोकरी करणारा माझा भाचा भारतीय नागरिक आहे. त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी कायद्याने विदेशी अंशदान ठरत नाही, तर त्याच्याच कार्यालयातील, मूळचे भारतीय पण आता डच नागरिक असलेल्या मित्राची देणगी ठरते आणि तिला एफसीआरए, म्हणजे विदेशी अंशदान नियमन कायद्याखालील, नोंदणी लागते. संकेतस्थळाने दोघांचीही कार्डे सरसकट नाकारली. आमच्यासारख्या एफसीआरए नोंदणी नसलेल्या न्यासाच्या दृष्टीने ते सुरक्षितच होते. फक्त कारण सांगितले असते तर भाच्याने चार दिवस खटपट केली नसती.

या सेवेतील खरा दोष पैशाचा नाही. पान सुरू होऊन आठवडा झाल्यावर संकेतस्थळाच्या ‘मोहीम सल्लागारा’चा दूरध्वनी आला. अत्यंत नम्रपणे त्यांनी दोन सूचना केल्या. यादीतून रिक्षाभाडे काढावे, कारण लोकांना भाड्यासाठी पैसे देणे आवडत नाही. आणि गणवेशातील हसऱ्या मुलींच्या छायाचित्राऐवजी एकाच मुलीचे, शक्यतो अनवाणी पायांचे छायाचित्र वापरून मथळ्यात पायात घालायलाही काही नसल्याचे लिहावे. ताई हे ऐकून प्रथम हसल्या. मातीवर खो-खो अनवाणी खेळण्याची रीतच आहे. चांगल्या घरच्या मुलीही तशाच पळतात. ज्या गोष्टीत खेळाडूला जमिनीची पकड मिळते, तिचे दारिद्र्याचे चिन्ह करण्याचा हा सल्ला होता. रिक्षा काढण्यास आम्ही नकार दिला. छायाचित्राच्या बाबतीत मात्र मी नमले, आणि ती चूक माझी होती. आईची लेखी संमती घेऊन एका मुलीचे छायाचित्र मुख्य स्थानी लावले. देणग्या वाढल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते पान फिरत फिरत तिच्याच वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पोहोचले आणि ती मुलगी पाच दिवस सरावाला आली नाही. संमती आईची घेतली होती, तिला विचारलेच नव्हते.

यावरून या सेवेची घडण माझ्या ध्यानात आली. ती आजारपण, अपघात, शस्त्रक्रिया अशा एकदाच येणाऱ्या संकटांसाठी तयार झाली आहे. तेथे मोठी रक्कम, थोडा वेळ आणि एक चेहरा हेच गणित असते. संघाचे गणित याच्या नेमके उलट आहे. रक्कम लहान, ती दरमहा लागणारी, आणि एकीचा चेहरा पुढे केला की बाकीच्या चौदाजणींचा संघ दिसेनासा होतो. मासिक देणगीचा पर्याय संकेतस्थळावर आहे, परंतु तो त्यांनी निवडलेल्या मोठ्या संस्थांपुरता.

पैसे खात्यात येण्यास 11 दिवस लागले, कारण पॅनवर न्यासाच्या नावात ‘चॅरिटेबल’ हा शब्द होता आणि बँकेत नव्हता. हा दोष आमचा. ग्राहक-सेवेने तो समजावून सांगितला आणि मार्गी लावला.

पुढच्या वर्षासाठी आम्ही निराळी व्यवस्था केली आहे. आहार आणि रिक्षा मिळून दरमहा 10,080 रुपये लागतात. 34 देणगीदारांनी आपापल्या बँकेत दरमहा 300 रुपये थेट न्यासाच्या खात्यात वळते करण्याची स्थायी सूचना दिली आहे, म्हणजे 10,200 रुपये जमतात आणि मधे कोणी कापत नाही. यातील 29 जण या संकेतस्थळावरच प्रथम देणगी देऊन गेलेले होते, ही गोष्ट सेवेच्या बाजूने नोंदवली पाहिजे. बूट आणि स्पर्धेचा खर्च यांसाठी मी ही सेवा पुन्हा वापरेन. तेव्हा छायाचित्र संपूर्ण संघाचे आणि पाठीमागून घेतलेले असेल, देणगीदारांना ‘टीप’ शून्यावर कशी आणावी हे संदेशातच लिहून पाठवू, आणि सल्लागारांचा दूरध्वनी ताई घेतील. ज्यांना नोंदणीशिवाय वर्गणी गोळा करायची आहे त्यांनी ऑनलाइन असो वा पावतीपुस्तकाने, धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी आधी पाहावी. गणेश मंडळांना ही प्रक्रिया पाठ असते, त्यांना विचारावे.

मोहीम संपल्यावर ते छायाचित्र काढून टाकण्यासाठी मी तीन वेळा पत्र लिहिले. एकोणिसाव्या दिवशी ते पानावरून गेले. दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की लहान चौकटीत मात्र अजून दिसते.