सीडीआयओ वापरून पाहिलं: डिपार्टमेंट बदलायला कितपत उपयोगी?

इंजिनीअरिंग शिकवणाऱ्यांसाठी लिहितेय, खास करून ज्यांच्या गळ्यात अभ्यासक्रम बदलायची जबाबदारी पडलीये त्यांच्यासाठी. सीडीआयओ ही इंजिनीअरिंग शिकवण्याची एक चौकट आहे, नावाचा अर्थ कन्सिव्ह, डिझाइन, इम्प्लिमेंट, ऑपरेट. मुलांनी गोष्ट सुचवायची, आखायची, बनवायची आणि चालवूनही दाखवायची, नुसती गणितं सोडवून पास व्हायचं नाही. २००० साली अमेरिकेतली एमआयटी आणि स्वीडनमधल्या चाल्मर्स, केटीएच आणि लिंशॉपिंग अशा चार युनिव्हर्सिटींनी मिळून हे सुरू केलं, म्हणजे पहिल्या दिवसापासूनच दोन देशांचं काम आहे, आणि ते जाणवतं सुद्धा, कारण कुठल्याच एका देशाची पद्धत यात लादलेली वाटत नाही.

तुम्हाला मिळतात मुख्य दोन गोष्टी, एक सिलॅबस आणि दुसरं म्हणजे १२ स्टँडर्ड, म्हणजे डिपार्टमेंटने स्वतःला तपासून बघायचे निकष. दोन्ही वेबसाइटवर फुकट वाचायला आहेत. सिलॅबस म्हणजे विषयांची यादी नाही हं, मुलाला शेवटी काय काय जमलं पाहिजे त्याची यादी आहे, टीममध्ये काम करणं, आपलं म्हणणं नीट मांडणं, समाजावर काय परिणाम होईल त्याचा विचार हे सगळं त्यात लिहून ठेवलंय. अ‍ॅक्रेडिटेशनशी, म्हणजे अभ्यासक्रमाला बाहेरून मिळणाऱ्या अधिकृत मान्यतेशी, याची गल्लत करू नका. १९८९ चा वॉशिंग्टन अकॉर्ड एका देशाची मान्यता दुसऱ्या देशात चालावी म्हणून आहे, इथे तुम्हाला कोणी सर्टिफिकेट देत नाही, तुम्हीच स्वतःला प्रत्येक स्टँडर्डवर ० ते ५ मार्क द्यायचे.

आणि मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच. बाहेरचा इन्स्पेक्टर येणार म्हटलं की फाइली सजतात, खरं कोणी बोलत नाही. इथे मार्क वाढवून कोणाला काही मिळणार नाही म्हणून माणसं मोकळेपणाने बोलतात (सगळीच नाही, पण बरीच). त्याच्या पुढची पायरी म्हणजे क्रॉस-स्पॅरिंग, युरोपातल्या काही युनिव्हर्सिटींनी मिळून काढलेली पद्धत. दोन डिपार्टमेंट आधी आपापलं मूल्यमापन करतात, मग जोडी अशी लावतात की एकाचं जे कच्चं आहे ते दुसऱ्याचं पक्कं असेल, आणि मग एकमेकांकडे जाऊन बसायचं. आम्ही परदेशातल्या एका डिपार्टमेंटसोबत याच धर्तीवर काम केलं, त्यांचे पहिल्या वर्षाचे प्रोजेक्ट फार चांगले होते आणि आमच्याकडे मुलांचं मूल्यमापन जास्त नेमकं होतं, दोघांनी एकमेकांचे कागद मागून घेतले. कितीतरी एमओयू (सामंजस्य करार) सहीचा फोटो निघाला की कपाटात जातात, इथे कामच आधी सुरू होतं, सही नंतर झाली तरी चालते.

आता लीडरशिपचं. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत सिलॅबसमध्ये लीडरशिप आणि उद्योजकता असे दोन भाग वाढवले, आणि लीडरशिपचा भाग नुसत्या भाषणबाजीचा नाहीये, नेमका प्रश्न ओळखणं, लोकांना एकत्र बांधून पुढे नेणं, हाती घेतलेला प्रोजेक्ट तडीस नेणं असं इंजिनीअरच्या कामातलं नेतृत्व आहे. मुलांसाठी उत्तम. पण शिकवणाऱ्यांचं काय? ९ वं आणि १० वं स्टँडर्ड शिक्षकांची कौशल्यं आणि शिकवण्याची तयारी बघतं, मात्र डिपार्टमेंट हेडने हा बदल चालवायचा कसा, विरोध करणाऱ्या सीनियर लोकांना सोबत कसं घ्यायचं, हेड बदलल्यावर काम टिकवायचं कसं यासाठी १२ मध्ये वेगळं स्टँडर्डच नाही. माझ्या मते ही मोठी उणीव आहे, कारण बदल अडतो तो बहुतेक वेळा तिथेच. नंतर ऐच्छिक स्टँडर्ड आली, त्यात आंतरराष्ट्रीयीकरण आणि शाश्वत विकास आहे, चांगलंच झालं, पण डिपार्टमेंट चालवणाऱ्या माणसाचा प्रश्न तसाच राहिला.

वेळ भरपूर लागतो हेही सांगून ठेवते. शिकवण्याचे तास कमी न करता हे कोणाच्या डोक्यावर टाकलं तर तो माणूस थकून सोडून देणार. ६ वं स्टँडर्ड वर्कस्पेसचं, म्हणजे मुलांनी हाताने काम करून शिकायच्या जागांचं आहे, त्याला जागा आणि पैसा दोन्ही लागतात, तिथे वरच्यांचा पाठिंबा नसेल तर मार्क खालीच राहतील. परदेशी जोडीदारासोबत काम करताना दोघांचं सेमिस्टर जुळत नाही हा त्रास तर कायमचाच, मुलांचा एकत्र प्रोजेक्ट लावणार असाल तर परीक्षांच्या तारखा आधी समोरासमोर ठेवा.

५ पैकी ४ स्टार, एक कापला तो हेडच्या नेतृत्वावर काही नसल्याबद्दल. सुरुवात करणार असाल तर १२ च्या १२ एकदम घेऊ नका, ५ वं घ्या, डिझाइन करून बनवायच्या अनुभवाचं, मुलं लगेच सोबत येतात. आणि मार्कांचा तक्ता मीटिंगमध्ये बसून एकत्र भरू नका, प्रत्येकाने वेगळा भरायचा, ज्युनियर शिक्षकांनी सुद्धा, आणि मगच समोर ठेवायचा. हेडने ४ दिलेत आणि लॅब सांभाळणाऱ्याने १ दिलाय असं दिसलं की पहिली चर्चा तिथूनच सुरू करा.