बेळगावात अमेरिकन फुटबॉलचे मैदान आखून घेताना

टिळकवाडी भागातील एक कारागीर शाळा-महाविद्यालयांना कबड्डी, खो-खो आणि धावण्याच्या शर्यतींसाठी मैदाने आखून देतो. आमच्याकडील काही हौशी मुलांसाठी त्याच्याकडून अमेरिकन फुटबॉलचे मैदान, तेही तिकडच्या महाविद्यालयीन नियमांप्रमाणे, आखून घेतले.

बाहेरच्या चौकटीत नाव ठेवायला जागा नाही. 30, 40 आणि 50 फुटांचा त्रिकोण दोरीने जुळवून त्याने चारही कोपरे काटकोनात घेतले आणि 360 बाय 160 फुटांच्या आयताचे दोन्ही कर्ण 394 फुटांच्या आसपास येतात, हे पाहूनच फक्कीच्या गाडीला हात लावला. बाजूची रेषा खेळाच्या क्षेत्राबाहेर धरली जाते, म्हणून 160 फूट हे रेषांच्या आतल्या कडांमधले अंतर असते. याउलट गोलरेषा पूर्ण जाडीनिशी एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाला असलेल्या गुण मिळवण्याच्या पट्ट्यात मोडते. हे सांगितल्यावर फक्की दोरीच्या कोणत्या अंगाला पडते, यावर त्याने शेवटपर्यंत नजर ठेवली. एक अडचण आधीच लक्षात घ्यावी: 105 मीटरच्या नेहमीच्या फुटबॉल मैदानावर ही 360 फूट म्हणजे 109.73 मीटर लांबी बसत नाही, आणि पलीकडची झुडपे काढण्याचे काम त्याच्या दरात येत नाही.

बिघडले ते हॅशच्या खुणांत, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागात लांबीच्या दिशेने दोन ओळींत मारायच्या छोट्या रेषांत. त्याने मोबाईलवर शोधलेला नकाशा व्यावसायिक सामन्यांचा निघाला. त्यात या खुणा बाजूच्या रेषेपासून 70 फूट 9 इंचांवर, म्हणजे एकमेकींपासून अवघ्या 18 फूट 6 इंचांवर असतात. महाविद्यालयीन मैदानात त्या 60 फुटांवर हव्यात आणि मधले अंतर 40 फूट भरले पाहिजे. चेंडू कडेला अडला की पुढचा डाव जवळच्या हॅशवरून सुरू होतो, त्यामुळे महाविद्यालयीन खेळात एका अंगाला अधिक मोकळे रान मिळते आणि गोलवर मारायच्या किकचा कोनही तिरपा होतो. हा फरक गेला तर खेळाचे डावपेचच बदलतात. त्याने वाद न घालता, जादा पैसे न मागता खुणा पुन्हा मारल्या. तांबड्या मातीवर जुन्या फक्कीचे फिकट डाग मात्र राहिले.

यार्डांचे अंतर दाखवणारे 6 फूट उंच व 4 फूट रुंद आकडे त्याने प्लायवुडच्या साच्यांतून उतरवले, तेच या कामातले सर्वांत देखणे. दर वाजवी आहे. मापे फुटांत लिहून हातात द्यावीत आणि पावसाळ्यात फक्कीऐवजी रंगाची आखणी आधीच ठरवून घ्यावी.