पाच हसरे चेहरे आणि एक पत्र्याचा समुद्र

एक पोस्टर आणि एक चित्र: दोन्ही ब्रिटनची, दोन्ही 1940-41च्या हवाई लढाईतून आलेली. पोस्टरवर विमानदळाचे पाच जण हसऱ्या चेहऱ्याने आभाळाकडे बघताहेत. सोबत चर्चिलचं 20 ऑगस्ट 1940चं वाक्य: इतक्या थोड्यांचं इतक्या साऱ्यांवर एवढं ऋण कधीच नव्हतं. येताजाता दोन सेकंदांत वाचून होतं. त्याचं काम तेवढंच, आणि ते चोख.

ब्रिटिश चित्रकार पॉल नॅशच्या 'टोटेस मेअर' या चित्रासमोर मात्र पाय रेंगाळतो. नाव जर्मन, अर्थ 'मृत समुद्र'. पाडलेल्या जर्मन विमानांचं भंगार ऑक्सफर्डजवळ काउलीला रचलेलं होतं. नॅशने तिथे फोटो काढले, रेखाटनं केली आणि चंद्रप्रकाशात तो वाकडातिकडा पत्रा लाटांसारखा किनाऱ्यावर थिजवून टाकला. माणूस एकही नाही. उडतंय ते फक्त एक घुबड. शत्रू हरला हे सांगायला एवढी शांतता! आणि गंमत म्हणजे हेही सरकारी युद्धचित्रकार योजनेतलंच काम.

भरतीच्या कचेरीत मी पोस्टरच लावलं असतं. घरात? पोस्टर आठवड्यात दिसेनासं होईल. नॅशचं चित्र, जे आता लंडनच्या टेट कलासंग्रहालयात आहे, रोज थोडं वेगळं दिसेल. कधी समुद्र, कधी नुसतं भंगार.