अंबडजवळचं चेनसॉ दुरुस्तीचं दुकान: धार कशाला म्हणतात ते इथे कळलं

मी नाशिकमध्ये झाडांच्या फांद्या छाटायचं आणि धोक्याची झाडं उतरवायचं काम करतो. सोळा वर्षं झाली. पहिली सहा वर्षं कुऱ्हाड, कोयता आणि दोर, पुढे चेनसॉ, म्हणजे साखळीला दात असलेली मशीनची करवत. खाली दोर धरायला भाचा असतो, काम मोठं असलं तर आणखी दोघं. आज लिहितोय ते एका दुकानाबद्दल. सिडकोकडून अंबड एमआयडीसीकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्लीत वळलं की एक शटर आहे. नावाची पाटी नाही. शटरवर ऑइल पेंटने 'चेनसॉ, ग्रास कटर, फवारणी पंप' एवढंच लिहिलंय. आत एकटेच मिस्त्री, साठीच्या पुढचे. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही.

मागच्या मे महिन्यात पहिल्यांदा गेलो तो घाबरून गेलो. मे म्हणजे आमची सुगी. पहिला वळीव कोसळायच्या आत सगळ्या सोसायट्यांना आपापले गुलमोहर आठवतात. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, मुळं वरवरची, त्यामुळे वाऱ्यात आधी तोच मोडतो. गंगापूर रोडला असाच एक होता. मांडीएवढी जाड फांदी थेट गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर आलेली. पट्टा बांधून वीस-बावीस फुटांवर बसलो होतो. चेनला आदल्याच दिवशी शहरातल्या दुसऱ्या एका दुकानातून धार लावून आणली होती, तरी मशीन कापेना. ढलप्या पडायच्या तिथे पिठासारखा भुसा उडत होता, बार, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी, तापून धूर येत होता आणि काप सारखा उजवीकडे सरकत होता. मी जोर लावला. तिथेच चुकलो. बारचं टोक मागच्या बारक्या फांदीला टेकलं आणि मशीनने माझ्या तोंडाकडे उसळी घेतली. मनगट ब्रेकच्या दांडीवर आदळलं, म्हणून चेन जागच्या जागी थांबली. हनुवटीपासून वीतभर अंतर राहिलं असेल. अर्धवट कापलेली फांदी दोराने जखडली आणि खाली उतरलो. भाचा काही बोलला नाही. पाण्याची बाटली तेवढी पुढे केली.

त्याच संध्याकाळी मखमलाबादच्या एका द्राक्षबागवाल्या मित्राने या काकांचा पत्ता दिला.

काकांनी मशीन सुरूही करून पाहिलं नाही. चेन काढायला लावली आणि ट्यूबलाइटखाली धरून एकेक दात बघत गेले. मग म्हणाले, "निळे पडलेत बघ. याचं पाणी उतरवलंय कोणीतरी." विजेच्या चाकावर दात दाबून धरले की ते तापतात, पोलादाला दिलेलं पाणी उतरतं आणि मग धार दोन कापांच्या वर टिकत नाही. शिवाय डावीकडचे दात उजवीकडच्यांपेक्षा आखूड झाले होते. काप उजवीकडे का सरकत होता, ते तेव्हा कळलं. तिसरी गोष्ट मला दहा वर्षांत कोणी सांगितली नव्हती. प्रत्येक दाताच्या पुढे एक छोटा उंचवटा असतो. दात लाकडात किती खोल शिरणार हे तो ठरवतो. दात घासून घासून खाली जातो, उंचवटा मात्र आहे तेवढाच राहतो. मग दात लाकडाला नुसता चाटतो. माझा पिठासारखा भुसा त्यातूनच येत होता.

पुढचा तास मी जन्मभर विसरणार नाही. काकांनी बार व्हाइसमध्ये धरला, ब्रेक लावला आणि सगळ्यात आखूड दातावर खडूची खूण केली. बाकीचे सगळे दात त्याच्या मापाला आणायचे. माझ्या चेनला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते. दाताच्या माथ्यावर एक तिरपी रेघ कोरलेली असते, ती ३० अंशांची. कानस त्या रेघेला समांतर धरायची, आतून बाहेर ढकलायची आणि परत आणताना उचलायची. मागे-पुढे घासायची नाही. निळा भाग जाईपर्यंत पहिल्या दातांना दहा-बारा हात बसले. कानशीचा आवाज आधी खरखरीत होता, हळूहळू तो एकसारखा, गोड व्हायला लागला. "हा आवाज लक्षात ठेव," काका म्हणाले, "डोळ्याआधी कानाला कळतं." एका बाजूचे दात झाल्यावर त्यांनी कानस माझ्या हातात दिली आणि दुसरी बाजू मला करायला लावली. दोनदा माझा कोन चुकला. दोन्ही वेळा त्यांनी न बोलता माझं कोपर वर उचललं.

शेवटी चपटी कानस आणि मापाची पट्टी घेऊन ते उंचवटे खाली आणले. माझ्या चेनवर उंचवटा दाताच्या धारेपेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली ठेवायचा असतो. फार उतरवले तर मशीन झटके देतं, उसळी मारायचा धोका वाढतो. बारची खाच डिंक आणि भुशाने बुजली होती, तेल यायचं भोक बंद होतं. बार का तापत होता तेही कळलं. तारेने भोक मोकळं केलं, खाच साफ केली आणि बार उलटा बसवला. दर वेळी असा उलटायचा म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.

धार लावायचे १२० रुपये घेतात. माझ्याकडून ६० घेतले, कारण अर्धी चेन मी घासली होती. मी आग्रह केला तर म्हणाले, "तुझी मजुरी तू स्वतःला दे, भाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गुलमोहरावर चढलो. आधी फांदीला खालून थोडा काप, मग जरा पुढे सरकून वरून. असं केलं नाही तर फांदी पडताना बुंध्याची साल सोलत खाली नेते. राहिलेला खुंट शेवटी काढला, बुडाशी असलेला फुगवटा राखून, कारण झाड जखम तिथूनच भरून काढतं. नखाएवढ्या ढलप्या भाच्याच्या टोपीवर पडत होत्या. मशीन नुसतं टेकवलं की आपल्या वजनाने उतरत होतं. बोथट चेनने हा फुगवटा राखता येत नाही, काप भरकटतो आणि झाडाला उगाच मोठी जखम होते. या व्यवसायातल्या प्रत्येकाने धार शिकून घ्यावी असं मला मनापासून वाटतं, त्याचं हे मोठं कारण आहे.

पेट्रोलबद्दलही काकांचं ऐका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, टाकीत पडून राहिलं तर कार्ब्युरेटरचा पडदा आणि रबराच्या नळ्या खराब करतं. काम नसेल तेव्हा टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. पेट्रोल-ऑइलचं मिश्रणही हवं तेवढंच करा. ऑइल ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. डब्यावर आणि मशीनच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघून ओता, अंदाजाने नको.

आता अडचणी. शनिवारी दुकान बंद. काम करताना काका फोन उचलत नाहीत. बिल मागितलंत तर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून देतात, त्यामुळे सोसायटीच्या सेक्रेटरीला दाखवायला पावती हवी असेल तर पंचाईत होते. सुटे भाग लगेच मिळतील असंही नाही, एका क्लच ड्रमसाठी मी नऊ दिवस थांबलो. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जाऊच नका. द्राक्षाची गोडी छाटणी झाली की बागांमध्ये फवारण्या सुरू होतात, दारात फवारणी पंपांची रांग लागते आणि काका शेतकऱ्याला आधी घेतात. मला एकदा चार दिवस थांबावं लागलं, राग आला होता. पण मित्राच्या बागेत डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, एका पावसात घडांवर कसा उतरतो ते मी पाहिलंय. काकांचं बरोबर आहे.

काही कामं ते करतच नाहीत. एकाने ब्रेकची दांडी मध्ये येते म्हणून काढून द्या म्हटलं, तर त्याला मशीनसकट परत पाठवलं. मी नवी चेन मागितली तेव्हा बारवर कोरलेला आकडा वाचून दाखवला. माझ्या बारची खाच १.३ मिलिमीटरची आणि त्यांच्याकडची चेन १.१ ची. बसली असती, पण खाचेत डगमगली असती. हजार-बाराशेची विक्री त्यांनी सोडून दिली. झाड कापायला निघालोय असं सांगितलं तर महापालिकेची परवानगी काढलीस का, हे आधी विचारतात. १९७५ चा झाडं जपण्याचा कायदा त्यांना आमच्यातल्या अनेकांपेक्षा चांगला माहीत आहे.

दुकानाच्या मागच्या बाजूला एक जुनं लेथ आहे. काम संपलं की काका त्यावर भोवरे काढतात. गल्लीतली पोरं संध्याकाळी त्यासाठीच घुटमळतात. मलाही लाकडाचा नाद आहे. वाऱ्याने पडलेल्या प्रत्येक झाडाची एक चकती मी ठेवतो, घासून गुळगुळीत करतो, मागे जागा आणि तारीख लिहितो. घरात ४३ झाल्यात. लोक आम्हाला रस्त्यात ऐकवतात, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. मला लागतं ते. काकांना एकदा बोलून दाखवलं. त्यांनी लेथ थांबवून माझ्या चकत्या कुठल्या कुठल्या झाडांच्या आहेत ते विचारलं आणि एकेक नाव ऐकत बसले.

गेल्या महिन्यात मखमलाबादला वादळात एक जुनी चिंच पडली. तिचा गाभा काळपट जांभळा निघाला. एक हातभर ओंडका स्कूटरच्या पायापाशी ठेवून काकांकडे नेला. तडकू नये म्हणून त्यांनी लगेच दोन्ही टोकांना फेव्हिकॉल फासला, लेथखाली सावलीत ठेवला आणि खडूने त्यावर तारीख लिहिली. दिवाळीनंतर बघू म्हणाले.