देयकावरचे नाव जुळत नव्हते

नागपूरला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीला १२ डिसेंबर २०२४ रोजी पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झाली. गुडघ्यांमुळे रात्रभराचा प्रवास मला झेपणार नव्हता, म्हणून निदान फुले तरी पाठवावीत असे ठरवले आणि त्या फुलांपायी ५१,६०० रुपये घालवून बसलो. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण पुढे कितीतरी दिवस तो घरात उच्चारण्याचीही मला लाज वाटत होती.

नागपुरात फुले घरपोच देणारे कोण, असा शोध घेतल्यावर सर्वांत वर आलेले संकेतस्थळ मी उघडले. ते पैसे भरून वर आणलेली जाहिरात आहे, हे नावाशेजारी बारीक अक्षरांत लिहिलेले होते. ताईला निशिगंध, म्हणजे आमच्याकडची गुलछडी, फार प्रिय. निशिगंधाच्या काड्या, मधोमध पिवळे जरबेरा, किंमत १,८५० रुपये, तीन तासांत पोहोच. भाव जास्त वाटला. पण मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार होता, त्यात लग्नसराई, आणि अशा दिवशी साधी वेणीसुद्धा चढ्या भावाने घ्यावी लागते हे ठाऊक असल्यामुळे तो भाव मला उलट खराच वाटला. स्वस्ताईला मी भुललो नाही, एवढे येथे नोंदवून ठेवतो. 'लोभ नडला' असे म्हणणारे नातेवाईक मला भेटून गेले आहेत.

पैसे भरताना यूपीआयच्या पडद्यावर, ज्याला रक्कम जाणार त्याचे बँकेत नोंदलेले नाव उमटले. ते दुकानाचे नव्हते, कुणा व्यक्तीचे होते. मी ते वाचले. नजरचुकीने सुटले असते तर आज एवढा जाच झाला नसता. कोषागारातील एकतीस वर्षांच्या नोकरीत देयकावरचे नाव आणि खात्यावरचे नाव यांत एका अक्षराचा फरक आढळला तरी मी देयक आक्षेपासह परत पाठवत असे, आणि त्यासाठी कितीतरी ठेकेदारांनी माझ्या नावाने बोटे मोडली. तोच मी त्या सकाळी स्वतःला सांगितले की फुलवाल्याचा धंदा एकट्याचा असतो, खाते मालकाच्या नावावर असणारच. आक्षेप मीच लावला आणि मीच निकाली काढला. त्याच पानावर दुकानाचा पत्ता नव्हता, तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव नव्हते. ई-वाणिज्याच्या २०२० च्या नियमांनुसार विक्रेत्याने या दोन्ही गोष्टी ठळकपणे दाखवणे बंधनकारक आहे. जिथे त्या दिसत नाहीत, तिथे खरेदी करू नका.

दुपारी साडेतीनपर्यंत फुले पोहोचली नाहीत. पाच वाजता ताईकडे पाहुणे यायचे होते. संकेतस्थळावरच्या क्रमांकावर फोन केला, तेव्हा एका अत्यंत अदबशीर तरुणाने हिंदीत दिलगिरी व्यक्त केली आणि 'अंकल, पूर्ण रक्कम आत्ता परत करतो' असे सांगितले. त्याने एक यूपीआय आयडी लिहून घ्यायला लावला आणि रकमेच्या चौकटीत २४८७५ हा 'परतावा कोड' भरायला सांगितले. ही तर रक्कम आहे, असे मी म्हणालोही. त्यावर तो म्हणाला की ती रक्कम नसून तक्रारीचा क्रमांक आहे, आणि पिन टाकताच माझे १,८५० रुपये जमा होतील. फोन कानाला, मध्येच ताईचा फोन येऊन वाजत राहिलेला, तो तरुण सेकंद मोजत असलेला. मी पिन टाकला. २४,८७५ रुपये गेल्याचा संदेश आला, तेव्हा त्याने सांगितले की कोडची मुदत संपल्यामुळे रक्कम अडकली आहे, तोच कोड पुन्हा टाकल्यास दोन्ही एकदम सुटतील. मी पुन्हा टाकला. या दुसऱ्या वेळेचे कोणतेही समर्थन माझ्याजवळ नाही. खात्यात पैसे यायचे असतील तर पिन लागत नाही, आणि रकमेच्या चौकटीत लिहिलेला आकडा ही रक्कमच असते.

यानंतर जे घडले त्याचा संताप मला फसवणुकीपेक्षा अधिक आहे. बँकेच्या ग्राहकसेवेने त्याच संध्याकाळी तक्रार नोंदवली आणि चोवीस तास वाट पाहायला सांगितले. सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या १९३० या सरकारी मदत क्रमांकाचा उल्लेखही कोणी केला नाही. शुक्रवारी शाखेत गेलो, तर तेथील अधिकाऱ्याने 'पिन तुम्हीच टाकला ना?' हा प्रश्न रांगेतल्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात तीनदा विचारला. शनिवार महिन्यातला दुसरा, पुढे रविवार. म्हणजे बँक बंद. मुलाला सांगायची लाज वाटत होती, म्हणून शुक्रवारी रात्रीपर्यंत मी गप्प बसलो आणि त्याने कळताक्षणी १९३० ला फोन लावला. तोपर्यंत तीस तास उलटून गेले होते आणि पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात गेले होते. तुमच्या बाबतीत असे घडले, तर बँकेआधी १९३० ला फोन करा आणि रडायचे असेल तर नंतर रडा.

पोलीस ठाण्यात सांगण्यात आले की हे सायबर कक्षाचे काम आहे. सायबर कक्षाने सांगितले की एवढ्या रकमेचे प्रकरण ठाण्यानेच घ्यायचे असते. मी ठाण्यात परतलो, तेव्हा फुले नागपूरला जायची होती म्हणून तक्रार नागपूरला द्या, असा नवा शोध लागला. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही ठाण्याने तो नोंदवून घ्यायचा असतो, ही तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, स्पष्ट लिहिलेली आहे, हे मी सांगितल्यावर टेबलामागच्या गृहस्थांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू फसवणूक मीच केली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, आणि ते साहेब चारही खेपांना बंदोबस्तावर होते. पोचपावती पाचव्या खेपेस मिळाली. पडद्यावरची सर्व चित्रे, व्यवहार क्रमांक आणि संभाषणाचे तपशील आधीच छापून न्या. फोनमध्ये दाखवतो म्हटल्यास तेथे कोणी पाहत नाही.

बँकेने लेखी कळवले की अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाला संरक्षण देणारे रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक मला लागू होत नाही, कारण व्यवहार मी स्वतः अधिकृत केला होता. कागदावर ते बरोबरही असेल. पण कोषागारात इतकी थंड भाषा मीसुद्धा कधी वापरली नाही. तीस दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अर्ज केला आहे. कुठल्याशा खात्यात ६,१४० रुपये गोठवलेले सापडले, ते सुटायला तेव्हा न्यायालयाचा आदेश लागत होता आणि त्यासाठीच्या अर्जाला तारीख मिळायची होती.

ताईच्या सुनेने त्याच संध्याकाळी सीताबर्डीवरून ६०० रुपयांत निशिगंधाचा गुच्छ आणला, माझ्या नावाची चिठ्ठी लावली आणि ताईला काही कळू दिले नाही. देशभर फुले पोहोचवणारी खरी संकेतस्थळेसुद्धा बहुतेक वेळा त्याच गावातल्या फुलवाल्याकडे काम सोपवतात. तेव्हा त्या गावातल्या ओळखीच्या माणसाकडून फुलवाल्याचा क्रमांक घ्या, गुच्छ बांधून झाल्यावर छायाचित्र मागवा, पैसे दारात द्या.

गेल्या आठवड्यात बँकेचा संदेश आला की माझी तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली असून सेवेला गुण द्यावेत. शून्य द्यायची सोय नव्हती, गुण एकपासून सुरू होत होते.