जेनलॉक की फ्रेम सिंक्रोनायझर?
चार कॅमेरे एका स्विचरला (कोणतं चित्र बाहेर जाईल ते निवडणाऱ्या यंत्राला) जोडले, तरी प्रत्येकाचं फ्रेमचा ताल ठरवणारं आतलं घड्याळ आपल्याच गतीनं चालतं. ते जुळवायचे मार्ग दोन.

जेनलॉकमध्ये सिंक जनरेटरचा (सगळ्यांना एकच ताल देणाऱ्या यंत्राचा) ब्लॅक बर्स्ट किंवा ट्राय-लेव्हल नावाचा ताल-सिग्नल ७५ ओहमच्या केबलनं प्रत्येक कॅमेऱ्याच्या जेनलॉक इनपुटला जातो. घोळ बहुतेकदा टर्मिनेशनमध्ये, म्हणजे केबलचं टोक रोधानं बंद करण्यात होतो. एकाच केबलनं एकामागोमाग जोडलेल्या उपकरणांच्या लूपमध्ये फक्त शेवटच्या उपकरणावर ७५ ओहमचा टर्मिनेटर लावा. दोन लागले तर सिग्नलची पातळी दोन तृतीयांशावर येते; एकही नसेल तर ती दुप्पट होते, शिवाय सिग्नल केबलमधून उलटा परततो. दोन्ही वेळा कॅमेऱ्याची तालाशी जुळणी (लॉक) डळमळते. या संदर्भ-सिग्नलचा दर चित्राच्या फ्रेम-दराशी जुळतो ना, तेही पाहा.

फ्रेम सिंक्रोनायझरला वेगळी केबल लागत नाही. स्विचरच्या इनपुटवर तो चित्र साठवतो आणि तालात सोडतो. किंमत मोजावी लागते ती वेळेत: सेकंदाला २५ फ्रेमच्या कामात ४० मिलिसेकंदांपर्यंत उशीर, म्हणून आवाजालाही डिले द्यावा लागतो. घड्याळं सरकत राहिल्यानं मधूनच एखादी फ्रेम गळते किंवा दोनदा दिसते. संथ पॅनमध्ये (कॅमेरा हळूहळू बाजूला वळवताना) तो हिसका लगेच डोळ्यांत भरतो.

सेटवर एलईडी भिंत असेल तर जेनलॉकच घ्या. लॅपटॉप किंवा बाहेरून येणाऱ्या लिंकपर्यंत जेनलॉक पोचतच नाही, तिथे सिंक्रोनायझर हवाच.